ऑफिसचं वायरचं नेट रांगतंय? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, देवगडकडच्या छोट्या ऑफिसात नेट रांगायला लागलं की पहिला फोन जातो फायबरवाल्याला, आणि त्याने हात वर केले की प्लॅन वाढवला जातो. दोन्हीची घाई नको. ज्या मशीनवर टॅलीचा डेटा आहे, तिथून शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर एखादी मोठी फाइल कॉपी करून बघा. तीही रडतखडत जात असेल तर इंटरनेटचा काही संबंध नाही. दोष ऑफिसच्या आतच आहे आणि दुप्पट पैसे भरून तो जाणार नाही.

कॉपीचा आकडा वाचताना एक गडबड नेहमी होते. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, विंडोज कॉपीचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवतं. मधे 8 चा भागाकार आहे. त्यामुळे 100 मेगाबिटच्या लिंकवर, म्हणजे मशीनच्या केबल-जोडणीवर, कॉपी 11-12 मेगाबाइटच्या पुढे जातच नाही. गिगाबिट (1000 मेगाबिट) लिंक आणि बऱ्यापैकी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असेल तर तोच आकडा 110 च्या आसपास जातो. तुमची कॉपी नेमकी 11 वर अडकत असेल तर विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली इथरनेट उघडा आणि लिंक स्पीड वाचा. तिथे 1000 ऐवजी 100 दिसलं की निम्मं काम झालं.

एका केबलमध्ये दोन कॉम्प्युटर

आमच्याकडे सर्वांत जास्त आढळणारी चूक ही. जांभ्याच्या भिंतीत पुन्हा पाइप घालायला नको, म्हणून वायरमन एकाच केबलच्या आठ तारांपैकी चार एका मशीनला आणि चार दुसऱ्याला देतो. 100 मेगाबिटला पिळलेल्या तारांच्या दोनच जोड्या लागतात, म्हणजे कनेक्टरच्या पिन 1, 2, 3 आणि 6, त्यामुळे दोन्ही मशीन चालू होतात आणि सगळे खूश. गिगाबिटला मात्र चारही जोड्या हव्यात. त्यातली एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तरी कॉम्प्युटरमधली बहुतेक नेटवर्क कार्डं कुठलीही सूचना न देता 100 वर उतरतात. काही लिंक जोडत-तोडत बसतात. जुगाड आधीच झालेला असेल तर त्या आठही तारा एकाच कनेक्टरमध्ये घ्या आणि टेबलाखाली पाच पोर्टचा छोटा गिगाबिट स्विच (एका केबलवर अनेक मशीन जोडणारा डबा) ठेवा. भिंत फोडायची गरज नाही.

टेस्टरचे आठही दिवे लागले म्हणून निर्धास्त राहणं

केबल तपासायचा स्वस्त टेस्टर फक्त तार सलग आहे का, एवढंच सांगतो. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या शेजारी शेजारी लावून दोन्ही टोकांच्या कनेक्टरमध्ये सारख्याच बसवल्या, तर दिवे अगदी ओळीने लागतात. पण पिन 3 आणि 6 एकाच पिळलेल्या जोडीत असायला हव्यात. त्या वेगळ्या जोड्यांत गेल्या की पीळ निरुपयोगी होतो, एका जोडीतला सिग्नल दुसरीत शिरतो आणि केबल जितकी लांब तितका त्रास जास्त. योग्य क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

खाऱ्या हवेत स्वस्त केबल

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. खोका हातात घेतला की हलका लागतो. तार ब्लेडने खरवडली की आत चांदीसारखी दिसते. ही तार वाकवली की मोडते, आणि जिथे मुलामा उडालेला असेल तिथे किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम झपाट्याने खराब होतं. पावसाळ्यात चालणारं-बंद पडणारं नेट बऱ्याचदा इथून सुरू होतं. शुद्ध तांब्याची कॅट 5ई (कॅट 6 च्या खालच्या दर्जाची केबल) सुद्धा 100 मीटरपर्यंत गिगाबिट आरामात नेते. कॅट 6 च्या नावाखाली मुलाम्याची तार घेण्यात अर्थ नाही. हिरवट पडलेला कनेक्टर सरळ कापून नवा क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. पोर्टमध्ये सुई घालून खरवडू नका, कारण पिनांवरचा सोन्याचा पातळ थर गेला की गंज आणखी लवकर चढतो.

आंब्याच्या पॅकिंग शेडपासून ऑफिसपर्यंत उघड्यावरून घरातली केबल ओढलेली असेल तर ती ऊन आणि पाऊस दोन्ही फार काळ सोसणार नाही. शिवाय मे अखेर आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात अशीच केबल स्विचचे पोर्ट जाळते. दोन इमारतींमध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या केबलशी जोडणारा डबा) लावा. फायबर वीज वाहत नाही. फक्त आत लोखंडी तार किंवा धातूचं चिलखत असलेली केबल घेऊ नका. आणि कुठलीही केबल भिंतीतून आत घेताना भोकाच्या खाली थोडी लोंबती ठेवा, म्हणजे पागोळीचं पाणी तिच्यावरून आत येणार नाही.

राहिलेल्या गोष्टी

केबल ठीक असेल तर मधल्या वस्तू बघा. जुना स्विच किंवा स्वस्त राउटर 100 चाच असतो आणि त्याच्यामागचं सगळं ऑफिस 100 वर येतं. टेबलावरच्या आयपी फोनमधून (नेटवर्क केबलवर चालणाऱ्या फोनमधून) कॉम्प्युटरला जोड दिली असेल तर फोनचा पोर्टही तपासा. कार्डाच्या सेटिंगमध्ये कोणी '100 फुल' (100 चा वेग, पाठवणं आणि घेणं एकाच वेळी) पक्कं करून ठेवलं असेल तर ते ऑटोवर आणा. एक बाजू पक्की आणि दुसरी ऑटो असली की ऑटोवाली हाफवर (एका वेळी एकच दिशा) जाते, आणि पिंग, म्हणजे जोडणीची छोटी चाचणी, बरं दिसूनही फाइल कॉपी मरते.

सगळ्या ऑफिसचं नेट एकदम बसलं आणि स्विचचे सगळे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली असण्याची दाट शक्यता. एकेक केबल काढत जा. ज्या केबलला दिवे शांत होतात ती दोषी. तिच्यावर लगेच चिठ्ठी चिकटवा, नाहीतर उद्या झाडू मारताना सापडलेलं मोकळं टोक कोणीतरी मदत म्हणून पुन्हा खोचून ठेवेल.