पांगा म्हटलं की पांगा

अमेरिकेत शिकायला नवीन आला असाल, तर बँक, सिमकार्ड, सोशल सिक्युरिटी नंबर, हे सगळं तुमचे सीनिअर सांगतील. मी लिहितोय ते कॅम्पसवरच्या भाषणांबद्दल, कारण दर वर्षी कुणीतरी मराठी पोरगं त्यात पाय अडकवून घेतं आणि रात्री अकराला मला फोन करतं.

आधी तुमची युनिव्हर्सिटी सरकारी की खासगी ते बघा. सरकारी असेल तर तिला अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी, लागू. वक्ता कितीही विखारी असो, केवळ मतांवरून त्याला दार बंद करता येत नाही. २०१७ मध्ये गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता रिचर्ड स्पेन्सर फ्लोरिडा विद्यापीठात बोलून गेला. बंदोबस्ताला पाच लाख डॉलरच्या वर खर्च आला, आणि त्यातला बहुतेक विद्यापीठाच्याच गळ्यात पडला. विरोधक चिडतील म्हणून वक्त्याकडून जादा पैसे घ्यायचे नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्येच सांगून ठेवलंय. मला हा वेडेपणा वाटायचा. अजूनही अर्धा वाटतो. खासगी ठिकाणी बहुतेक त्यांचेच नियम, तेव्हा हँडबुक वाचा.

आता खरी गोष्ट. नावडत्या वक्त्याची सभा उधळणं आपल्याकडे जवळजवळ कॉलेजशिक्षणाचाच भाग. पुण्यात मीही घोषणा देऊन एक व्याख्यान बंद पाडलंय. नंतर अमृततुल्यात चहा प्यायलो, विषय संपला. इथे घोषणा बाहेर द्यायच्या. आत वक्त्याला बोलूच दिलं नाही तर तो गुन्हा ठरू शकतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात इस्रायली राजदूताच्या भाषणात विद्यार्थी एकेक करून उठून ओरडले. अकरा जणांना अटक झाली, पुढच्या वर्षी त्यातले दहा दोषी ठरले.

मी तर ओरडलोही नव्हतो. पहिल्याच सेमिस्टरला हॉलबाहेर गर्दी दिसली, काय चाललंय बघायला थांबलो. पोलिसांनी भोंग्यावरून तीनदा पांगायला सांगितलं. मला वाटलं, हे निदर्शकांना आहे, आपण बघे. मनगटांवर प्लास्टिकच्या बेड्या पडल्या. दोन महिन्यांनी केस निकालात निघाली, मी मित्रांना पेढेही वाटले. तीन वर्षांनी ताईच्या लग्नाला भारतात गेलो तेव्हा व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न आला: कधी अटक झाली होती का? केस सुटली तरी उत्तर ‘हो’च. पासपोर्ट अकरा आठवडे अडकला आणि हातातली नोकरी गेली. म्हणून पुन्हा सांगतो, पांगा म्हटलं की पांगा. व्हिडिओ काढत रेंगाळू नका. पोलिसांच्या लेखी तिथे बघे नसतात.

इथल्या महाराष्ट्र मंडळातले काका म्हणतील, “आपण शिकायला आलोय, तोंड उघडायचं नाही.” हेच काका दिवसाला वीस राजकीय फॉरवर्ड पाठवतात, पण त्यांच्या खिशात अमेरिकन पासपोर्ट असतो. मी त्यांना हसायचो. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या तुर्की विद्यार्थिनीला इमिग्रेशनवाल्यांनी रस्त्यातून उचलून सहा आठवडे डांबलं. तिच्याविरुद्ध दाखवलं काय, तर विद्यार्थ्यांच्या पेपरात चौघांनी मिळून लिहिलेला एक लेख. तेव्हापासून हसणं बंद झालंय.

तरी व्याख्यानांना जा. प्रश्नोत्तरांच्या रांगेत उभे राहा आणि दोन वाक्यांत बोचरा प्रश्न विचारा. इथल्या पोरांना ते छान जमतं; आपण माइक हातात आला की भाषणच ठोकतो.

आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा आणि एका वकिलाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण फोन आधी काढून घेतात. मला त्या दिवशी एकच नंबर पाठ होता, पुण्याच्या घरचा लँडलाइन.