३२ जीबीचा टॅब भरला? आधी हे करा

३२ जीबीच्या टॅबमध्ये बरीच जागा अँड्रॉइड आणि कंपनीची अ‍ॅपच खातात, म्हणून तो लवकर भरतो. पूर्ण भरला की अपडेट अडकतात, कॅमेरा फोटो घेत नाही. निदान २-३ जीबी कायम मोकळी ठेवा.

सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा, सगळ्यात जड काय ते बघा. बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपच. त्यात सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज इथे जा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या दिसतात. तिथूनच उडवा आणि मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. ठाणे-वाशी लोकलमध्ये बघायला उतरवलेले एपिसोड गॅलरीत दिसत नाहीत. ते त्या-त्या अ‍ॅपमध्ये जाऊनच काढावे लागतात. अ‍ॅपच्या तात्पुरत्या फायली पुसणारं 'क्लिअर कॅश' बिनधास्त दाबा. 'क्लिअर डेटा' मात्र नको, लॉगिनसकट सगळं जातं.

डिलीट करूनही जागा वाढली नाही? गॅलरी आणि फाइल्स अ‍ॅपमधला ट्रॅश रिकामा करा, डिलीट केलेलं आधी तिथे जातं.

जागा वाढवायला मेमरी कार्ड घ्यायचं तर ए१ (A1, म्हणजे अ‍ॅप चालवण्याइतका वेग) लिहिलेलं घ्या, पक्क्या बिलासह. स्टेशनबाहेर फारच स्वस्तात १२८ जीबी मिळत असेल तर सावध राहा: नकली कार्ड आकडा १२८ दाखवतं, पण खरी जागा संपली की पुढचे फोटो खराब होतात. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw, कार्डची खरी जागा तपासणारा प्रोग्राम) चालवून पूर्ण कार्ड तपासा, मगच त्यावर मुलांचे फोटो टाका.