जुनी एमजीबी बघायला जाताय? बॉनेट नंतर उघडा

इंग्लंडात राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एखाद्या पबबाहेर उघड्या टपाची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी दिसते आणि डोक्यात हिशोब सुरू होतो. होऊ द्या. १९६२ ते १९८० दरम्यान पाच लाखांवर एमजीबी बनल्या. अजूनही विकायला भरपूर असतात, सुटे भागही नवे मिळतात. म्हणजे घाईचं काहीच कारण नाही, तरी लोक पहिल्याच गाडीला बयाणा देऊन येतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे इंजिनपाशीच रमणं. १७९८ सीसीचं ते साधं, दणकट इंजिन पुन्हा बांधून घेता येतं. खरं दुखणं गंजाचं. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. दाराखालचा सिल, म्हणजे उंबऱ्यासारखा पत्र्याचा पट्टा, हाच तिचा कणा. तो पत्र्याच्या दोन-तीन थरांचा असतो आणि वरून चकाकत असताना आतून कुजतो. काही महाभाग कुजक्या पत्र्यावरच नवा पत्रा डकवून रंग मारतात. फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून सिलवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे. मग दाराची फट बघा. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचलीय. मी पाहिलेल्या एका लाल गाडीला जॅकवर चढवल्यावर तिचं दार उघडेचना. मालक म्हणाला, "बिजागरीला तेल घालायला हवं." त्याचा चहा घेतला आणि घरी आलो.

"एमओटी लागत नाही" हे जाहिरातीत कौतुकाने लिहिलेलं असतं. चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना ही वार्षिक तपासणी माफ आहे, हे खरं. पण याचा दुसरा अर्थ असा की कित्येक वर्षांत तिच्याखाली कोणी डोकावलेलंही नसेल. नंबर टाकून जुन्या तपासण्यांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्यात "सिल गंजलेला" असा शेरा असेल, तर त्यानंतरच्या वेल्डिंगची बिलं मागा.

इंजिन थंड असताना सुरू करायचंय, हे फोनवरच सांगून ठेवा. पोचल्यावर रेडिएटर कोमट लागला तर कारण विचारा. किल्ली फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाची टकटक येते आणि लगेच थांबते. थांबलीच नाही, तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळतंय. इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत ऑइलचं प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास हवं. तारांची चाकं असतील तर गाडी पुढे-मागे घेताना "खट्" आवाज येतो का ऐका. आला तर हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे, दाते झिजलेत.

उलट, काही गोष्टींना उगाच घाबरलं जातं. १९६७ च्या आधीच्या गाडीत चालता चालता पहिला गिअर टाकताना खरखर होणारच; त्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खरखर न होता बसवणारी सोय, नाहीच. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) लागत नसेल तर पुष्कळदा वायर तुटलेली असते किंवा ऑइल कमी असतं. अर्थात हे मालकाला सांगायची गरज नाही, तेवढे पैसे कमी करून घ्या.