गोमुखाच्या वाटेची तयारी

गंगोत्रीहून गोमुखाकडे, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या ज्या तोंडातून भागीरथी बाहेर पडते तेथे, जाणारी वाट सुमारे १८ किलोमीटरची आहे. चढ बहुतेक ठिकाणी सौम्य आहे, पायवाट ठळक आहे आणि वाटेत भागीरथी सतत उजव्या हाताला सोबत करते. एवढे ऐकून पुष्कळ जण तयारीचा विचार सॅक भरण्यापासून सुरू करतात. माझ्या मते यादीतील पहिली वस्तू सॅकमध्ये मावणारी नाही. हातात जादा दिवस असणे आणि गोमुखाच्या अलीकडूनही परत फिरण्याची मनाची तयारी असणे, या दोन गोष्टी घरातून निघण्यापूर्वीच पक्क्या कराव्यात. या वाटेवर उंची, दरड, ओढ्याचे पाणी आणि खुद्द मागे सरकणारी हिमनदी यांपैकी काहीही आपल्या वेळापत्रकाप्रमाणे वागत नाही आणि ज्यांच्या परतीच्या तिकिटात एकही मोकळा दिवस नसतो तेच नको तेथे घाई करतात.

प्रथम उंचीचा हिशेब मांडावा. उत्तरकाशी समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे, गंगोत्री सुमारे ३१०० मीटरवर, वाटेवरील मुक्कामाचे भोजबासा ३८०० मीटरच्या आसपास आणि गोमुख ४००० मीटरच्या जवळ. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड चढणाऱ्यालाही गंगोत्रीच्या बसथांब्यावर उतरताच आपल्या सवयीच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उभे राहावे लागते. पायांची ताकद येथे उपयोगी पडते, पण विरळ हवेची सवय तिच्यामुळे लागत नाही. ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्क्यांच्या घरात असतो आणि त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी शरीराला केवळ वेळच लागतो. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. गंगोत्री ते भोजबासा ही वाढ सातशे मीटरची असल्याने तो संकेत या वाटेवर आपोआप मोडतो आणि त्याची भरपाई आधीच करावी लागते. म्हणून एक रात्र उत्तरकाशीत, एक गंगोत्रीच्या रस्त्यावरील हर्षिलला आणि गंगोत्रीत शक्य तर दोन रात्री, अशी आखणी करावी. गंगोत्रीतील मोकळा दिवस खोलीत झोपून घालवू नये. गोमुखाच्या वाटेवरील राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाच्या दिशेने संथ चालत जाऊन परत यावे, भरपूर पाणी प्यावे आणि मद्य पूर्णपणे टाळावे.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली चिन्हे होत. ती दिसल्यास आहे त्याच उंचीवर थांबावे आणि चिन्हे ओसरेपर्यंत वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, छातीत घरघर, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात विसंगती येणे ही मात्र धोक्याची खूण आहे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, सोबत कोणाला तरी देऊन रुग्णाला तत्काळ खाली आणावे. एकट्याला कधीही पाठवू नये. असिटाझोलामाइड हे विरळ हवेच्या त्रासावरील औषध अनेक जण सोबत नेतात, परंतु ते स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा गर्भारपण असल्यास निर्णय डॉक्टरांचाच असावा. लक्षणे लपवायची नाहीत, असे गटात निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. माझ्यामुळे सर्वांची यात्रा बिघडेल, या संकोचापायी माणसे गप्प राहतात आणि तेवढ्यात मौल्यवान तास निघून जातात.

शारीरिक तयारी किमान दोन महिने आधी सुरू करावी. पाठीवर सहा-आठ किलोंचे ओझे घेऊन जिने किंवा टेकडी चढावी आणि आठवड्यातून एकदा सलग पंधरा किलोमीटरच्या आसपास चालण्याची सवय करावी, कारण गंगोत्री ते भोजबासा हा १४ किलोमीटरचा टप्पा एका दिवसात पार पडतो आणि त्याला सहा ते आठ तास लागतात. उतरण्याचा सराव विसरू नये. परतीच्या दिवशी थकलेल्या गुडघ्यांवरच सारा भार येतो.

आता कागदपत्रे. ही वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते आणि उद्यान साधारणपणे १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर या काळात खुले असते. २००८ पासून गोमुखाच्या दिशेने जाणाऱ्यांची संख्या दिवसाला १५० इतकी मर्यादित केलेली आहे. त्यामुळे वन विभागाचा परवाना आधी मिळवावा आणि मगच रेल्वेचे किंवा विमानाचे तिकीट काढावे. उलट क्रम ठेवल्यास गर्दीच्या दिवसांत गंगोत्रीत नुसते थांबून राहावे लागते. उत्तराखंड शासनाची चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी असते आणि गंगोत्रीला जाण्यासाठी तीही करावी लागते. मूळ ओळखपत्र, त्याच्या दोन प्रती, परवान्याची छापील प्रत आणि घरच्या एका व्यक्तीचा संपर्क लिहिलेला कागद एका जलरोधक पिशवीत ठेवावा. भोजबासा येथे गढवाल मंडल विकास निगमचे विश्रामगृह आणि आश्रम यांखेरीज राहण्याची फारशी सोय नाही, म्हणून तेथील जागाही परवान्यासोबतच निश्चित करावी. गोमुखापलीकडील तपोवनाला जायचे असल्यास त्याची परवानगी आणि वाटाड्या आधीपासून ठरलेला हवा. भोजबासाला पोहोचल्यावर उत्साहाच्या भरात घेण्याचा हा निर्णय नव्हे.

हंगामाची निवड मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर अशी करावी. गंगोत्रीचे मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडते आणि दिवाळीनंतर अन्नकूटाच्या दिवशी बंद होऊन उत्सवमूर्ती मुखबा गावी हिवाळ्यासाठी जाते. त्यानंतर वरच्या सोयी झपाट्याने आवरत्या घेतल्या जातात. जुलै आणि ऑगस्ट टाळावेत, असे मी आग्रहाने सांगेन. जुलै २०१७ मध्ये मुसळधार पावसानंतर मेरू हिमनदीच्या बाजूने आलेल्या राडारोड्याने गोमुखाजवळचा परिसर आणि प्रवाहाची वाट बदलून टाकली, तर ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगा या ओढ्याला आलेल्या लोंढ्याने गंगोत्रीच्या रस्त्यावरील धराली गावाचा मोठा भाग गाडला गेला. त्या गावात माणसे गेली, घरे गेली. त्या रस्त्याने जाताना पावसाच्या अंदाजाकडे दुर्लक्ष करण्याचा हक्क कोणालाही उरलेला नाही.

कपडे थरांनी न्यावेत. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा थर असावा, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा, मुक्कामासाठी पिसांचे किंवा तत्सम उबदार जॅकेट आणि सर्वांवर वारा व पाऊस अडवणारे कवच. सुती कपडा एकदा भिजला की तेथे वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेतो, म्हणून जीन्स व सुती बनियन घरीच राहू द्यावेत. दिवसा ऊन तापते आणि दुपारनंतर दरीतून वर चढणारा बोचरा वारा सुटतो; सप्टेंबर संपता संपता भोजबासाची रात्र शून्याखाली उतरते. कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड, लोकरी मोज्यांचे तीन जोड आणि पोंचो हे सारे हंगाम कोणताही असला तरी सोबत असावे. घोट्याला आधार देणारे बूट किमान महिनाभर आधीपासून वापरून पायाला बसवलेले असावेत. उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता वाढते आणि बर्फावरून व फिकट खडकांवरून ती परत उसळते, म्हणून पूर्ण संरक्षण देणारा गॉगल, सनस्क्रीन, ओठांचे मलम आणि कडेची टोपी यांना सॅकच्या वरच्या कप्प्यात जागा द्यावी. हेडटॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या लागतात. बॅटऱ्या व पॉवर बँक थंडीत लवकर उतरतात, त्यामुळे रात्री त्या अंथरुणात घ्याव्यात. गंगोत्रीच्या पुढे भ्रमणध्वनीवर विसंबू नये.

खाण्याच्या बाबतीत सुकामेवा, गूळ-दाण्याच्या वड्या, खजूर, ओआरएसची पाकिटे आणि दोन लिटर पाण्याची बाटली पुरे. पाणी गाळून किंवा क्लोरीनच्या गोळ्यांनी शुद्ध करून घ्यावे.

वाटेवरील धोके आधी समजून घेतले तर दिवसाची वेळ आपोआप ठरते. उन्हाबरोबर वरचे बर्फ वितळू लागते आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी जोराने वाहू लागतो. रात्रीच्या थंडीने कड्यांमधील फटींत गोठून राहिलेले पाणीही उन्हाने सुटते आणि त्याने धरलेले दगड मोकळे होतात. म्हणूनच पहाटे निघून दुपारपर्यंत मुक्काम गाठावा. गंगोत्रीपासून नऊ किलोमीटरवरील चीरबासा ओलांडल्यानंतर गिला पहाड नावाचा ठिसूळ पट्टा लागतो. तेथे भरलांचे, म्हणजे हिमालयातील रानमेंढ्यांचे, कळप वरच्या उतारांवर चरत असतात आणि त्यांच्या खुरांनी सुटलेला लहानसा दगडही खाली येईपर्यंत जीवघेणा होतो. या पट्ट्यात छायाचित्रे काढण्यासाठी थांबू नये, कानात गाणी लावू नयेत, वर लक्ष ठेवून आणि एकमेकांत अंतर राखून तो पार करावा. डोळे भरून पाहण्यासाठी पुढे जागा आहेतच: भागीरथी शिखरे समोर येतात, त्यांतील सर्वांत उंच ६८५६ मीटरचे आहे आणि गोमुखाच्या अंगाला ६५४३ मीटरचे शिवलिंग उभे ठाकते. दुर्बीण नेता आली तर अवश्य न्यावी.

खुद्द हिमनदीपाशी काय दिसेल, याची मनाशी तयारी हवी. चौखंबा शिखरांच्या पायथ्यापासून सुरू होणारी ही सुमारे ३० किलोमीटरची हिमनदी तोंडाशी पांढरीशुभ्र नाही. ती दगडमातीच्या थराखाली झाकलेली, करडी आणि भेगाळलेली आहे, आणि त्या ढिगाखाली मध्येच निळसर बर्फाची भिंत उघडी पडते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये हिमनदीच्या तोंडाचा नकाशा केला. त्यानंतरच्या मोजणीनुसार १९९६ पर्यंत ते वर्षाला सरासरी १९ मीटरच्या आसपास मागे गेले आणि माघार अजून चालू आहे. याचा अर्थ असा की जुन्या वर्णनांतील अंतरे, जुन्या छायाचित्रांतील गुहा आणि कोणी दहा वर्षांपूर्वी सांगितलेली बसण्याची जागा यांपैकी काहीही आज तेथे असेलच असे नाही. यंदा कोठपर्यंत जाऊ देतात, हे भोजबासाला वनरक्षकांना विचारावे आणि त्यांनी दाखवलेली मर्यादा ओलांडू नये. तोंडावरील बर्फ कोणतीही सूचना न देता कोसळतो आणि वरच्या दगडांना धरून ठेवणारा बर्फ वितळला की ते घसरत येतात. गंगाजल भरून घेण्याची ओढ मी समजू शकतो, परंतु तेच पाणी भोजबासाच्या काठावरही वाहते. त्यासाठी बर्फाच्या कमानीखाली जाण्याची गरज नाही. ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी हे घरीच, प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगून ठेवावे.

या नाजूक ठिकाणी आपण काय नेतो, याइतकेच काय मागे ठेवतो याचेही नियोजन असावे. एकेकाळी या वाटेवरची भूर्जाची झाडे यात्रेकरूंच्या आणि ढाब्यांच्या चुलींसाठी तोडली गेली. नंदादेवी शिखरावर १९८१ मध्ये पोहोचलेल्या गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी पुढे याच परिसरात भूर्जाची रोपे लावून जगवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. ते पाहिल्यावर शेकोटीचा हट्ट कोणी धरू नये. चीरबासा येथे वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने हवेतील काळ्या कार्बनचे मोजमाप केलेले आहे; जळणातून उडणारी ही काजळी बर्फावर बसली की बर्फ अधिक ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. म्हणून ऊब कपड्यांतून मिळेल एवढे कपडे न्यावेत. खाऊची प्लॅस्टिकची वेष्टने घरीच काढून कापडी पिशव्यांत भरावा. फाटकावर प्लॅस्टिकच्या वस्तूंची नोंद होऊन अनामत घेतली जाऊ शकते, त्यासाठी सुटे पैसे बाळगावेत आणि सारा कचरा, ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड यांसह, दोन घट्ट पिशव्यांतून परत आणावा. शौचासाठी प्रवाहापासून किमान साठ मीटर दूर जावे. त्यासाठी एक लहान खुरपे सॅकच्या बाहेरच्या खिशात असू द्यावे.

गोमुख पाहून त्याच दिवशी गंगोत्री गाठण्याचा मोह अनेकांना होतो. सर्वांचे पाय शाबूत असतील आणि गिला पहाड उन्हाची तीव्रता वाढण्यापूर्वी ओलांडता येणार असेल तरच तसे करावे, अन्यथा भोजबासाला आणखी एक रात्र काढून पहाटे उतरावे. गंगोत्री ते उत्तरकाशी हा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ताही दरडींमुळे तासन्‌तास, कधी दिवसभर बंद राहतो. म्हणून डेहराडून किंवा हरिद्वारहून निघणाऱ्या परतीच्या गाडीचे आरक्षण गंगोत्री सोडण्याच्या दिवसानंतर पूर्ण दोन दिवस सोडून करावे आणि त्या दोन दिवसांच्या मुक्कामाचे व औषधांचे पैसे खर्चाच्या अंदाजात आधीच धरावेत.