रुळांवर मशीन चालवताना या चुका टाळा

रुळांखालची खडी ठोकून बसवणारं टॅम्पिंग मशीन असो, रुळावर आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणारा एक्स्कॅव्हेटर असो की साधी ढकलट्रॉली, ऑपरेटरच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते: ब्लॉक मिळालाय, म्हणजे कामासाठी लाइनवरची वाहतूक बंद झालीय, आता गाडी यायची नाही. बहुतेक चुकांची सुरुवात इथेच होते.

ब्लॉक 'मिळाला असेल' असं धरून चालणं

कोणती लाइन, कुठून कुठपर्यंत, किती वाजेपर्यंत? या तिन्हींची उत्तरं मशीनवर बसणाऱ्याला स्वतःला माहीत हवीत. मुकादमाला माहीत आहेत, एवढ्यावर भागत नाही. ३ एप्रिल २०१६ रोजी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या चेस्टरजवळ एक प्रवासी गाडी रुळावरच्या बॅकहोवर (खोदकामाच्या मशीनवर) आदळली आणि दोन कर्मचारी गेले. पाळी बदलताना रात्रीच्या मुकादमाने लाइन गाड्यांसाठी परत दिली होती आणि दिवसाच्या मुकादमाने ती कामासाठी नव्याने घेतलीच नव्हती. इटलीत ब्रँडिझ्झो स्टेशनात ३० ऑगस्ट २०२३ च्या रात्री परवानगी येण्याआधीच काम सुरू झालं. तिथे पाच कामगार गाडीखाली सापडले.

'मशीन रुळावर आहे, म्हणजे सिग्नल आपोआप लाल होणार' हा भरवसाही खोटा. ढकलट्रॉलीची चाकं इन्सुलेटेड असतात आणि रबरी टायरवर उभा असलेला बॅकहो ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखून सिग्नल लाल करणाऱ्या यंत्रणेला, दिसतच नाही. दोन्ही रूळ जोडणारी शंटिंगची तार किंवा पट्टी अशा वेळी कामाला येते. चेस्टरला ती लावलेली नव्हती. गाडीची चाहूल लागल्यावर पडणारी स्वयंचलित फाटकंही अशा मशीनसाठी पडतील याची खात्री नसते, म्हणून फाटकाआधी थांबायचं, रस्ता मोकळा दिसला की मगच पुढे जायचं.

उतार डोळ्यांनी मोजणं

रुळावरचा उतार डोळ्यांना दिसत नाही, चाकांना मात्र बरोबर कळतो. १०० मीटरला १ मीटर उतार असेल, तर १० टनांच्या मशीनला साधारण १०० किलोचा जोर खाली ओढत असतो, आणि लोखंडावर लोखंड असल्यामुळे अडवणारं घर्षण त्यापेक्षा बरंच कमी. इंग्लंडमध्ये टीबे इथे १५ फेब्रुवारी २००४ रोजी रूळ लादलेला एक ट्रेलर सुटला. त्याचे ब्रेक जोडलेलेच नव्हते, चाकांखाली नुसते लाकडी ठोकळे होते. तो काही किलोमीटर खाली घरंगळला आणि अंधारात काम करणारी चार माणसं मेली. जनरेटरच्या आवाजात त्यांना तो ऐकूच आला नाही.

रस्त्याची चाकं उचलून रेल्वेची चाकं खाली सोडण्याचा क्षण सर्वांत वाईट. काही मशीनमध्ये ब्रेक फक्त रस्त्याच्या चाकांना असतो. ती अधांतरी झाली की मशीनला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. त्यामुळे मशीन रुळावर चढवायची जागा सपाटच निवडावी. दव, गळका ग्रीस किंवा ओला पालापाचोळा असेल तर थांबायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. एकामागोमाग मशीन चालत असतील तर पुढच्याच्या अगदी मागे लागू नका.

कानांवर विसंबणं

३ जुलै २०१९ रोजी वेल्समध्ये मार्गमजवळ दोन कामगार गाडीखाली गेले. ते पेट्रोल इंजिनाच्या यंत्राने काम करत होते, कानांवर आवाज अडवणारे मफ होते. गाडीने हॉर्न वाजवला, पण उपयोग झाला नाही. ताशी १२० किलोमीटरची गाडी १५ सेकंदांत अर्धा किलोमीटर कापते. गाडीवर नजर ठेवून इशारा देणारा लुकआउट मॅन हवाच, आणि त्याच्या हातात दुसरं काम देऊ नये. 'जरा हा बोल्ट धर' म्हटलं की लुकआउट संपला.

शेजारची लाइन चालू असेल तर बूम (मशीनचा लांब हात) तिकडे फिरवूच नका. मागचा काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजनही तितकाच बाहेर येतो, हे सहज विसरलं जातं.

वरच्या तारा हा वेगळा विषय. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागत नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. ट्रॅफिक ब्लॉक (गाड्या बंद) म्हणजे पॉवर ब्लॉक (वीज बंद) नव्हे. वीज बंद करून अर्थिंग (तार जमिनीशी जोडणं) झाल्यावरच बूम उचला. मशीन तारेला टेकलंच तर केबिनमध्येच बसून राहा. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून लांब उडी मारा, मशीन आणि जमीन एकाच वेळी धरू नका.

काही अडकलं तर इंजिन बंद, किल्ली खिशात आणि हायड्रॉलिकमधला साठलेला दाब सोडून मगच हात घाला. परत निघण्याआधी मशीनचं प्रत्येक वर्किंग युनिट (काम करणारा भाग) वर घेऊन त्याची लॉकपिन हाताने हलवून बघा. मशीन, माणसं, हत्यारं मोजून रुळाबाहेर आली, की मगच लाइन परत द्यायची.