पाळीव पक्ष्याला किरकोळ जखम झाल्यास घरी काय करावे

दुकानदार ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. अशा बजरीगराचे वजन ३० ते ४० ग्रॅम भरते आणि त्याच्या अंगात रक्त असते ते वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही इतके. निरोगी पक्षी साधारणपणे वजनाच्या एक टक्का रक्त गेले तरी सावरतो, पण बजरीगराच्या बाबतीत हा हिशेब सहा-सात थेंबांवरच संपतो. म्हणून जखम दिसताच औषध शोधायला धावण्याआधी रक्त किती गेले आहे आणि अजून वाहते आहे का, हे पाहावे. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राऐवजी पांढरा कागद घालण्याची सवय असेल, तर हे काम क्षणात होते.

आमच्या बजरीगराचे नख एकदा पिंजऱ्यावर टाकलेल्या टॉवेलच्या धाग्यात अडकून तुटले, तेव्हा कागदावर चार थेंब होते. तेवढ्यात घरातल्या मंडळींनी हळदीचा डबा, खोबरेल तेलाची बाटली आणि माणसांचे मलम असे सगळे समोर आणून मांडले. त्यांपैकी काहीही न वापरता चिमूटभर कॉर्नफ्लोअरवर काम भागले.

पक्ष्याला पकडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि खोलीतला उजेड कमी करावा, कारण अंधूक प्रकाशात पक्षी कमी फडफडतो. जुना, मऊ, धागे न सुटलेला सुती पंचा पाठीकडून हलकेच टाकून पक्ष्याला उचलावे, अंगठा आणि तर्जनी डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवावी आणि बाकीची बोटे अंगाभोवती सैल असू द्यावीत. पक्ष्याला माणसासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलल्यानेच त्याचा श्वास चालतो, त्यामुळे छाती आवळली गेली तर जखम क्षुल्लक असूनही तो गुदमरून मरू शकतो. चोच उघडी टाकून तो धापा टाकू लागला, तर हातातले काम अर्धवट ठेवून त्याला आधी सोडून द्यावे.

रक्त थांबवण्याची रीत जखमेच्या जागेवर अवलंबून असते. नख तुटले असल्यास टोकावर स्टिप्टिक पावडर (रक्त थांबवणारी पूड) किंवा ती नसल्यास कॉर्नफ्लोअर वा मैदा दाबून धरावा. स्टिप्टिक पावडर फक्त नखासाठी आणि चोचीच्या टोकासाठी असते. कातडीवरच्या उघड्या जखमेवर ती घातली तर जखम जळते. कातडी खरचटली असेल, तर स्वच्छ गॉज हलक्या दाबाने दोन-तीन मिनिटे तसाच धरावा आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी तो मध्येच उचलू नये, कारण प्रत्येक वेळी नुकतीच धरलेली गुठळी त्याबरोबर निघून येते. नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या नळीत रक्तवाहिनी असते, त्यामुळे असे पीस मोडल्यास रक्त चांगलेच वाहते. ते उपटून टाकावे असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. मात्र घरी उपटताना कातडी फाटण्याचा आणि पंखाचे हाड दुखावण्याचा धोका असतो, म्हणून कॉर्नफ्लोअर लावून दाब द्यावा आणि तरीही रक्त न थांबल्यास उपटण्याचे काम पशुवैद्यांवर सोपवावे, हेच मला योग्य वाटते.

रक्त थांबल्यानंतर कातडीवरची जखम औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या नॉर्मल सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने), सुई नसलेल्या सिरिंजमधून हळुवार धार सोडून धुवावी. जंतुनाशक वापरायचे असल्यास पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्क्या कोऱ्या चहाच्या रंगाचे होईपर्यंत पातळ करून घ्यावे आणि ते डोळ्यांत व चोचीत जाऊ देऊ नये. नखावर धरलेली गुठळी मात्र धुण्याच्या नादात काढू नये.

तेल, तूप किंवा तेलकट मलम अजिबात लावू नये. त्याने पिसे चिकटतात, अंगाची ऊब टिकत नाही आणि पक्षी पिसे साफ करताना ते सगळे पोटात घेतो. हळदीने जखम पिवळी होऊन झाकली जाते आणि तपासणाऱ्यालाही तिची खोली कळत नाही. वेदनाशामक मलमांतील बधिर करणारी औषधे लहान पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतात, तसेच पॅरासिटामॉलसारखी माणसांची गोळी अंदाजाने चुरून देऊ नये. चिकटपट्टीही नको, कारण ती काढताना पिसे आणि कातडी दोन्ही सोलली जातात.

यानंतर गरज असते ती उबेची. जखमी पक्ष्याला इतर पक्ष्यांपासून वेगळे करावे, कारण लाल डाग दिसला की सोबतीही तिथे टोचा मारतात. छोट्या पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाकून एका बाजूला, कापडाला न टेकेल असा, उष्णता देणारा बल्ब लावावा आणि आतील तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. दुसरी बाजू थंड असावी, म्हणजे उकडल्यास पक्ष्याला तिकडे सरकता येईल. दांडी खाली आणावी आणि दाणा-पाणी चोचीच्या टप्प्यात ठेवावे.

मांजराचे दात किंवा नख लागले असेल, तर जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. मांजराच्या तोंडातील जीवाणूंमुळे पक्ष्याचे रक्त एक-दोन दिवसांत दूषित होऊ शकते आणि त्यावर योग्य प्रतिजैविक वेळेत मिळणे हाच उपाय असतो. दाब देऊनही पाच-दहा मिनिटांत रक्त न थांबणे, पंख लोंबणे, छातीच्या वरच्या भागातील जखमेतून दाणे वा पाणी बाहेर येणे, पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणे, यांपैकी काहीही दिसले तरी थांबू नये. सगळे पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी.

पुढचे काही दिवस रोज सकाळी दाणे देण्याआधी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पक्ष्याचे वजन करून लिहून ठेवावे. पक्षी दाणे खाल्ल्याचे सोंग करतो, नुसती टरफले उडवतो आणि पाहणाऱ्याला तो जेवतो आहे असेच वाटते. काटा मात्र फसत नाही. ३५ ग्रॅमच्या बजरीगराचे वजन साडेतीन ग्रॅमने उतरले, तर जखमेवर खपली धरलेली असली तरी त्याला तपासायला न्यावे.