टेस्ट पॉइंट वापरताना: चिमट्याआधी बॅटरी

चुकीचं फर्मवेअर (फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) पडून फोन पूर्ण गप्प झाला, बटणांनाही दाद देत नसेल, तर मदरबोर्डवरचा टेस्ट पॉइंट, म्हणजे धातूचा एक बारीक बिंदू, कामाला येतो. क्वालकॉम चिपच्या बऱ्याच फोनमध्ये हा बिंदू ग्राउंडला (बोर्डाच्या ऋण बाजूला) टेकवला की चिप नेहमीचं बूट सोडून इमर्जन्सी डाउनलोड मोडमध्ये जाते, म्हणजे यूएसबीवरून फर्मवेअर पुन्हा घ्यायला तयार होते.

सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, तोही प्लास्टिकच्या पट्टीने. इथे घाई करू नका हो! बॅटरी जोडलेली असताना चिमटा जरा सरकला तर पॉवर आयसी (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) जाऊ शकतो, मग सॉफ्टवेअरचा साधा बिघाड हार्डवेअरचा होऊन बसतो. अगदी त्याच मॉडेलच्या बोर्डाचा फोटो समोर ठेवा. अंदाजाने बिंदू शोधू नका.

बारीक टोकाच्या चिमट्याचं एक टोक बिंदूवर, दुसरं शेजारच्या शील्डच्या, म्हणजे चिप झाकणाऱ्या पत्र्यावर; तोच ग्राउंड. तसंच धरून कॉम्प्युटरची यूएसबी केबल जोडा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'क्यूडीलोडर 9008' (या मोडमधल्या फोनचं नाव) दिसलं की चिमटा लगेच उचला. काहीच दिसलं नाही तर आधी केबल आणि ड्रायव्हर तपासा, बिंदू खरवडत बसू नका.

फोनमध्ये फर्मवेअर लिहायला सुरुवात करण्यापूर्वी शक्य असेल तर मोडेमच्या पार्टिशनांचा (स्टोरेजमधल्या नेटवर्कच्या कप्प्यांचा) बॅकअप घ्या. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्कची माहिती तिथे असते, ती गेली तर फोन चालू होऊनही नेटवर्क पकडत नाही. आणि फोटो हवे असतील तर युजरडेटाला (तुमच्या फाइल्सच्या पार्टिशनला) हात लावू नका. तो एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात असतो, त्यामुळे नुसती कॉपी काढून त्यातले फोटो उघडत नाहीत. त्याच बोर्डावर सिस्टिम पुन्हा उभी राहिली तरच ते दिसतात.